माळशेजचा टप्पा आम्हाला द्या

प्रति,
माननीय क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: पुढच्या 'पुणे ग्रँड टूर'चा एक टप्पा नवी मुंबईहून माळशेज घाटात नेण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि तेव्हापासून आमच्याकडच्या सायकलवाल्यांना दुसरा विषय नाही. पहाटे पाम बीच रस्त्यावर भेटा, येऊर उतरून उपवनला चहाला थांबा, नाहीतर पळस्पे फाट्याच्या पुढे वडापाव खाताना कान द्या. बोलणं फिरून एकाच ठिकाणी येतं. आपल्याकडे कधी? मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. शर्यत पुन्हा होईल असं आम्ही धरून चाललो आहोत. त्या वेळी तिचा एक टप्पा नवी मुंबईतून सुटू द्या आणि माळशेजच्या माथ्यावर संपू द्या.

पुण्यात काय घडलं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक छोटा प्रोलॉग, म्हणजे सुरुवातीची घड्याळाविरुद्धची छोटी फेरी, आणि चार टप्पे, मिळून ४३७ किलोमीटर. जागतिक सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, २.२ दर्जाची, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतली, पुरुषांची अनेक टप्प्यांची शर्यत भारतात पहिल्यांदाच झाली. अशा शर्यतीत रोजच्या वेळेची बेरीज होते आणि शेवटी ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो विजेता. त्यामुळे एखाद्या दिवशी पहिला आलेला गडी दुसऱ्या दिवशी घाटात दहा मिनिटं मागे पडला, की त्याचा खेळ आटोपला. बाकी सगळं, म्हणजे कोण कुणाच्या मागे वारा चुकवत बसलं आणि कोण गाडीकडे मागे जाऊन टीममधल्या सगळ्यांसाठी बाटल्या घेऊन आलं, हे एकदा कळायला लागलं की माणूस टीव्हीसमोरून उठत नाही.

आता घाटाबद्दल. सायकल शर्यत आपल्याला नवी नाही. मुंबई-पुणे शर्यत आमच्या दारावरून जात आली आहे. ती कोणी जिंकली हे विसरलेली माणसंसुद्धा त्या वर्षी बोरघाटात 'घाटाचा राजा' कोण झाला हे बरोबर सांगतात. जगभर असंच आहे. मलेशियातली लंकावीची शर्यत १९९६ साली सुरू झाली. तिचं नाव निघालं की सायकलवाला गेंटिंग हायलँड्सच्या चढाबद्दल बोलतो. टूर द फ्रान्सला किती गावं लागतात हे कोणी सांगणार नाही, पण तिच्यातल्या आल्प द्युएझच्या चढाची एकवीस वळणं पाठ असलेले लोक आमच्या खारघरमध्येही आहेत. शर्यतीला ओळख चढावर मिळते.

म्हणून एक काळजी आत्ताच बोलून दाखवतो. हा टप्पा आमच्याकडे आला, तर कुणीतरी अधिकारी तो पाम बीच रस्त्यावर गोल गोल फिरवायचा प्रस्ताव ठेवणार. वाशी ते बेलापूर रुंद, सरळ, सपाट रस्ता, एका बाजूला खाडी आणि कांदळवन, दुसऱ्या बाजूला काचेचे टॉवर. ड्रोनमधून चित्र झकास येतं. पण त्या रस्त्यावर शर्यत होत नाही. दीडशे जणांचा घोळका ताशी पन्नासच्या वेगाने एकत्र येणार, एकत्र जाणार, शेवटच्या दोनशे मीटरला जोर लावणार आणि संपलं. शिवाय पाहणाऱ्यांनी उभं कुठे राहायचं? मधल्या बऱ्याच भागात माणसाने थांबावं अशी सोयच नाही. उद्घाटनाला पाम बीच घ्या, हरकत नाही. झेंडा तिथे दाखवा, फोटो काढा. नंतर मात्र शर्यतीला गावात जाऊ द्या.

मार्ग आम्ही आपसात पुष्कळ वेळा आखलाय. नवी मुंबईतून निघून महापे, शिळफाटा, काटई नाका, बदलापूर, तिथून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड, मग सरळगाव, टोकावडे, मोरोशी आणि घाट. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. शिळफाट्याचं नाव ऐकून, तिथली कोंडी आठवून, आपण हसाल, ते साहजिक आहे. पण शर्यतीत सुरुवातीचा पट्टा 'न्यूट्रल' ठेवतात. पुढे गाडी असते, मागे सगळे तिच्या वेगाने येतात, खरी सुरुवात नंतर होते. काटई मागे पडेपर्यंत न्यूट्रल ठेवा. तिथल्या रहिवाशांना निदान एकदा तरी शिळफाटा रोड मोकळा पाहायला मिळेल.

बदलापूर सोडलं की टप्प्याला खरी मजा येते. बारवीचा रस्ता झाडीतून चढ-उतार करत जातो, वळणं आंधळी, पुढे निसटलेला गडी मागच्यांना दिसत नाही. घोळका फोडायला जागा हीच. या धरणाचं पाणी एमआयडीसीमार्फत जिल्ह्यातल्या कारखान्यांना आणि शहरांना जातं, पण पाणी पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी धरण पाहिलंय. मुरबाडनंतर रस्ता रुंद होतो आणि समोर सह्याद्रीची भिंत दिसायला लागते. मोरोशीला पोचलात की उजव्या हाताला भैरवगडाचा तो उभा कातळ, आणि तिथून पुढे चढ. पावसाळ्यात या घाटात धबधबे रस्त्यावर येतात, दरडी कोसळतात, धुक्यात समोरच्या गाडीचा दिवा दिसत नाही. जानेवारीत हाच घाट कोरडा, स्वच्छ आणि सकाळी थंड असतो. शर्यतीला याहून चांगला महिना नाही.

यात सरकारचीही एक सोय आहे, ती पाहावी. घाट ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात चढायला लागतो आणि माथ्यावर जुन्नर तालुका, म्हणजे पुणे जिल्हा. टप्पा आमच्याकडे सुटून पुण्याच्या हद्दीत संपतो, आणि दुसऱ्या दिवशीचा टप्पा जुन्नरहून सोडता येतो. पुण्याच्या शर्यतीचं पुणेपण जात नाही. तरीही कुणाला शंका असेल, तर २०२४ ची टूर द फ्रान्स इटलीतल्या फ्लॉरेन्सहून सुटली होती, एवढं सांगावं. आणि कोकणातून जुन्नरला जायची ही दिशा काही आम्ही शोधलेली नाही. शेजारच्या नाणेघाटातून दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल याच दिशेने वर जात होता.

प्रेक्षकांची चिंता करू नका. जुन्नरकडची माणसं बैलगाडा शर्यतीसाठी दिवसभर उन्हात बसतात आणि सेकंदाच्या फरकावर तासभर वाद घालतात. त्यांना घड्याळाचा खेळ समजावून सांगावा लागणार नाही. डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा नेरुळ रात्रभर जागं होतं, पण आत जायला तिकीट लागत होतं. इथे टोकावड्याच्या शाळेतलं पोर घराच्या ओट्यावर उभं राहून जगातले सायकलपटू हातभर अंतरावरून जाताना बघणार, फुकट.

आता रस्त्याचं बोलतो, कारण खरं काम तिथे आहे.

मोटारीतून चांगला वाटणारा रस्ता सायकलला चांगला असतोच असं नाही. शर्यतीच्या सायकलचा टायर साधारण २८ मिलिमीटर रुंद. त्याच्या वाटेत काय काय येतं ते खाली बघून चालणाऱ्यालाच कळतं. गटाराच्या लोखंडी जाळ्या, ज्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेने लांब असतात. चाक थेट आत. डांबराचे थरावर थर चढत गेले आणि चेंबरचं झाकण आपल्या जागी राहिलं, की तयार झालेला तो गोल खड्डा. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली लांब भेग. आणि वळणाच्या अलीकडे मारलेले पांढरे रम्बलर, ज्यांच्यावरून सत्तरच्या वेगाने उतरताना हँडल हातात राहत नाही. एकटा असलात तर चुकवता येतं. घोळक्यात पुढच्याचं चाक वीतभर अंतरावर असतं, खालचं काही दिसत नाही, आणि एक पडला की मागचे वीस पडतात. गळपट्टीचं हाड मोडणं ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे.

तेव्हा विनंती अशी, की मार्ग ठरला की बांधकाम खात्याच्या अभियंत्यासोबत एक सायकलवाला द्या. दोघांनी मिळून मार्गावरून जावं आणि प्रत्येक झाकणावर, जाळीवर रंगाने खूण करावी. हा खर्च नव्या डांबराच्या मानाने किरकोळ आहे. दुसरं, शर्यतीसाठी केलेला रस्ता शर्यतीनंतर खणू नये. कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे रस्ता बिघडला तर त्यानेच दुरुस्त करायची मुदत, चालू असताना केबलवाल्यांना खोदायची परवानगी मिळते कशी, हे कोडं आम्हाला आजवर सुटलेलं नाही. पाहुणे येणार म्हणून रस्ता झाला, अशी टिंगल लोक करणारच. करू द्या. पाहुणे गेल्यावरही रस्ता राहिला, तर टिंगल करणारे त्याच रस्त्याने कामावर जातील.

वाहतुकीवरून कुरकुर पुण्यातही झाली, आमच्याकडेही होईल. माळशेजचा रस्ता म्हणजे ओतूर, आळेफाटा, जुन्नरचा भाजीपाला कल्याणला आणि वाशीच्या बाजारात आणणारा रस्ता. शर्यतीच्या हौसेपायी शेतकऱ्याचा टोमॅटो घाटात अडकला, तर पुढच्या वर्षी आम्हाला कोणी दारात उभं करणार नाही, आणि ते बरोबरच होईल. पण या गाड्या रात्रीतून उतरतात. घाट सकाळी उशिरा बंद करा. खालच्या रस्त्यावर अख्खा दिवस बंदी ठेवायची गरजही नाही. पुढे पोलिसांच्या मोटारसायकली रस्ता मोकळा करत जातात, घोळका निघून जातो, शेवटची गाडी गेली की मागचा रस्ता उघडतो. परदेशात वर्षानुवर्षं असंच चालतं. यासाठी बंदोबस्तातल्या पोलिसांना आधी तालीम हवी आणि प्रत्येक गावात शिट्टी-झेंडा घेतलेली पोरं हवीत. कुत्री आणि गुरं आवरायला गावातली पोरंच उपयोगी पडतात, मुंबईहून आणलेले स्वयंसेवक नाही.

दोन गोष्टी या शर्यतीच्या निमित्ताने, पण शर्यतीपलीकडच्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पाम बीच रस्त्यावर नेरुळजवळ पहाटे टॅक्सीने मागून धडक दिली आणि एका ज्येष्ठ सायकलस्वाराचा मृत्यू झाला. आम्ही पहाटे अंधारात का बाहेर पडतो, तर सात वाजल्यानंतर रस्त्यावर सायकलला जागा नसते म्हणून. आणि अंधारात बाहेर पडलो तर रिकामा रस्ता बघून गाड्या सुसाट सुटतात. वेळ कुठलीही घ्या, मरण आमचंच. जगातल्या सायकलपटूंना पोलीस संरक्षण देऊन ज्या रस्त्यावरून नेणार, त्याच रस्त्यावर निदान शनिवार-रविवारी पहाटेचे दोन तास एक बाजू सायकलसाठी राखून ठेवा. अटल सेतूवर तर सायकलला वर्षभर मनाईच आहे, २१.८ किलोमीटरचा पूल आम्ही किनाऱ्यावरून पाहतो. कधीतरी एखाद्या सकाळी तोही उघडा, एवढं सुचवून ठेवतो.

दुसरी गोष्ट, मुलींची शर्यत. पुण्यातली शर्यत पुरुषांचीच होती. संगमनेरची प्रणिता सोमण, कोल्हापूर जिल्ह्याची पूजा दानोळे अशा मुली महाराष्ट्रातूनच पुढे आल्या आणि त्यांना घरच्या रस्त्यावर या दर्जाची शर्यत नाही. तोच रस्ता, तोच बंदोबस्त, त्याच दिवशी, पुरुषांच्या दोन तास आधी. मुरबाड ते माथा एवढंच अंतर ठेवलं तरी चालेल.

शर्यती सुरू होतात तशा बंदही पडतात, हे आम्हाला माहीत आहे. २०१४ मध्ये टूर द फ्रान्सची सुरुवात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरला झाली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांचे थवे लोटले, आणि पुढच्याच वर्षी तिथे टूर द यॉर्कशायर ही स्वतंत्र शर्यत उभी राहिली. २०१९ नंतर ती झालीच नाही. आधी करोना आला, मग पैशाची गणितं जुळली नाहीत. आपल्याकडे पहिल्या वर्षी उत्साह असतो, फलक असतात, नेत्यांचे फोटो असतात. पाचव्या वर्षी कोण उभं राहणार, हा आमचा प्रश्न आहे. यूसीआयच्या वेळापत्रकात नाव लागायला आधीच्या वर्षातच कागद जावे लागतात. त्यामुळे जानेवारीत शर्यत हवी, तर विचार दिवाळीनंतर करून भागत नाही.

मार्ग पाहायला मंत्रालयातून कुणाला पाठवणार असाल, तर एक अट आहे. त्यांनी मोटारीतून येऊ नये. रविवारी पहाटे वाशीहून आमच्यासोबत निघावं, नाश्ता मुरबाडला, जेवण माथ्यावर. सायकल आणि हेल्मेट आम्ही देऊ. त्यांच्या उंचीचा माप तेवढा आधी कळवावा.

आपला नम्र,
एक सायकलवाला नागरिक
सीवूड्स, नवी मुंबई