कांदा कागदासारखा काप

ताश्कंद, 10 ऑगस्ट

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुझं ताट पाहिलं. डब्यातली भाजी, दोन पोळ्या आणि कडेला काकडीच्या चार जाड चकत्या. "हेच माझं सॅलड," म्हणालास. तेव्हा मी काही बोलले नाही, पण फोन ठेवल्यावरही त्या चकत्या डोळ्यांपुढून जाईनात. घरी होतास तोवर मी तुझ्या हातात विळी कधी दिली नाही. घेतलीसच कधी, तर "बोट कापशील" म्हणून काढून घेतली. ती माझी चूक झाली. आता तू पुण्यात आमच्याशिवाय राहतोस, आणि मी इथे पन्नाशीत टोमॅटो कापायला नव्याने शिकले. शेजारणीने मला जे शिकवलं ते तुला लिहिते.

शेजारणीला मी ओपा म्हणते. ओपा म्हणजे थोरली बहीण, इथे वयाने मोठ्या बाईला अशीच हाक मारतात. त्यांच्या अंगणात द्राक्षाचा मांडव आहे आणि त्याखाली ऐसपैस लाकडी चौथरा. उन्हाळ्यात जेवणखाण, चहा, गप्पा सगळं त्यावरच. 'चिल्ला' म्हणजे कडक उन्हाचे चाळीस दिवस, 25 जून ते 5 ऑगस्ट, ते नुकतेच संपले. पारा चाळिशीपार गेला होता. पण त्या उन्हाने टोमॅटोचं सोनं होतं. फोडला की आतून गर साखरेसारखा रवाळ दिसतो.

त्या टोमॅटोचं अच्चिक-चुचुक करतात. 'अच्चिक' म्हणजे तिखट आणि 'चुचुक' म्हणजे गोड. काही घरांत त्यालाच 'शकरोब' म्हणतात. त्यात साखर पडत नाही, पण खाली जो रस साठतो तो खरंच सरबतासारखा लागतो. ओश, म्हणजे इथला पुलाव, असला की हे हवंच. त्या भातात तेल आणि मेंढीची चरबी सढळ हाताने असते, प्रत्येक घासाला काहीतरी आंबट, गार लागतं. म्हणून यात तेलाचा थेंबही नको.

दोघांपुरतं सांगते. तीन पिकलेले टोमॅटो, एक मध्यम कांदा, अर्धी हिरवी मिरची, मीठ, रैहानची आठ-दहा पानं. रैहान म्हणजे आपला सब्जा. बी भिजवून आपण फालुद्यात घालतो आणि पानांकडे बघतही नाही, इथे पानं आधी. खिडकीत कुंडी ठेव, चिमूटभर बी पेरलंस तरी पुरे. टोमॅटो मंडईतून गावठी आण, आंबट आणि मऊ. जाड सालीचे, चेंडूसारखे टणक टोमॅटो आठवडाभर टिकतात, पण त्यांना रस सुटत नाही.

पहिला कांदा. सोलून उभा अर्धा कर आणि जितका पातळ कापता येईल तितका काप. ओपा माझी फोड उजेडासमोर धरायच्या. पलीकडचा मांडव दिसला तर ठीक, नाहीतर पुन्हा. पहिले चार दिवस माझ्या एकाही फोडीतून काही दिसलं नाही. मग तो कांदा गार पाण्यात हाताने चोळून दोन-तीनदा धुवायचा आणि घट्ट पिळायचा. कांदा कापला की त्यातला झोंबणारा अंश मोकळा होतो, तो पाण्याबरोबर निघून जातो. उरतो तो करकरीत आणि गोडसर. आपल्याकडे हे फारसं कुणी करत नाही, आणि मग कोशिंबीर खाल्ल्यावर ऑफिसात तोंड मिटून बसावं लागतं. तुला एवढी एकच गोष्ट आत्मसात करता आली तरी माझं पत्र कारणी लागलं.

टोमॅटो इथल्या बायका पाटावर कापतच नाहीत. डाव्या हातात धरून, भांड्याच्या वरच, सुरीने पापुद्रे उतरवत जातात. रसाचा थेंब वाया जात नाही. तू मात्र सहा महिने तरी पाटावरच काप, हे मी आई म्हणून सांगते. कांदा, टोमॅटो, मिरचीच्या गोल चकत्या एकत्र करून सब्जाची पानं हाताने तोडून घाल. मीठ अगदी शेवटी, ताट मांडल्यावर.

या मिठाचा मला चांगलाच धडा मिळाला. जूनमध्ये आमच्याकडे बारा माणसं जेवायला होती. सगळं आधी उरकावं म्हणून मी तासभर आधीच मीठ घालून ठेवलं. पाहुणे बसले तेव्हा परातीत निम्मं पाणी, आणि टोमॅटो लोळागोळा. मला रडू यायचं बाकी होतं. ओपांनी एक शब्द न बोलता तो रस वाट्यांत ओतला आणि प्रत्येकापुढे नानचा तुकडा ठेवला. नान इथे सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात, आणि पालथा तर कधीच ठेवत नाहीत. माणसांनी तुकडे रसात बुडवून खाल्ले. दोघांनी तर पुन्हा मागितला. तोवर ओपांनी चार टोमॅटो नवे कापले.

दुसरं शिक ते दह्याचं, ते तुला परकं वाटणार नाही. इथे दह्याला कातिक म्हणतात. ते फडक्यात बांधून टांगलं की सुझमा होतो. समरकंदकडे ताजिक बोलणारे लोक त्याला काय म्हणतात माहीत आहे? चक्का! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुझ्या आजीचं श्रीखंड आणि खुंटीला टांगलेलं ते पंचाचं गाठोडं आठवून माझा घसा दाटून आला. वाटीभर चक्का थोड्या पाण्याने सैल कर, त्यात पातळ कापलेली काकडी, मुळा, कांद्याची पात, मूठभर कोथिंबीर आणि शेपू. हो, शेपू. तू नाक मुरडशील, पण आपण तो शिजवतो म्हणून तुला त्याचा उग्र वास येतो. कच्चा, कोवळा, बारीक चिरलेला शेपू दह्यात वेगळाच लागतो. दाण्याचं कूट नको, फोडणी नको. आपली कोचवलेली काकडी मला जिवापाड आवडते, पण तिची तऱ्हा निराळी.

गाजराचं थोडं लांबवून लिहिते, कारण त्यामागची गोष्ट मला विसरता येत नाही. इथल्या प्रत्येक बाजारात गाजराच्या लांब, बारीक दोऱ्यांचे ढीग असतात, तिखट, आंबट, लसणाच्या वासाचे. ते उझबेक लोकांचं मूळचं खाणं नाही. 1937 साली स्टालिनच्या सोव्हिएत सरकारने रशियाच्या अतिपूर्वेकडच्या सुमारे 1 लाख 70 हजार कोरियन माणसांना घरादारातून उठवलं, आगगाडीच्या डब्यांत भरलं आणि इथे आणि कझाखस्तानात आणून सोडलं. ज्या लांबट कोबीचं ते किमची, म्हणजे आंबवलेलं तिखट लोणचं, करायचे, तो इथे मिळेना. गाजर मिळत होतं. मग गाजराचंच केलं. आज ताश्कंदच्या कुयल्युक बाजारात त्यांच्या नातीपणती ते विकतात आणि उझबेक बायका लग्नाच्या ताटांतही ते मांडतात. गंमत म्हणजे उझबेकमध्ये गाजराला 'सब्झी' म्हणतात.

पाव किलो गाजराच्या काड्या कर, त्यात अर्धा चमचा मीठ, चमचाभर साखर, दोन चमचे व्हिनेगर. वर ठेचलेला लसूण, धनेपूड आणि लाल तिखट यांची ढेरी कर आणि तीन चमचे कडकडीत तेल त्या ढेरीवरच ओत. चर्रर्र आवाज आला की ओळखीचं वाटेल. हे मात्र रात्रभर मुरू दे. तुझ्या घाईच्या दिवसांसाठी हेच.

थंडीत इथे मार्गिलानचा हिरवा मुळा येतो, डाळिंबाचे दाणे घालून करतात. तो तिथे मिळायचा नाही, म्हणून लिहीत नाही.

आणि खोलीतल्या त्या मुलाला हाक मारत जा. फ्रिजजवळ उभ्याने खाऊ नकोस. इथे एका लगनमधून, म्हणजे मोठ्या थाळ्यातून, सगळे मिळून जेवतात. दोघांत एक थाळी चालेल.

बाबा दिवाळीला येताना चुस्त गावची सुरी आणतील, रुंद पात्याची. तोवर घरातल्या सुरीला धार लावून घे, बोथट सुरीनेच बोट कापतं. शनिवारी कांद्याची एक फोड खिडकीसमोर धर आणि फोटो पाठव. ओपांनाही दाखवायचाय.

तुझी,
आई

ता. क. मिरचीचा हात डोळ्याला लावू नकोस.