प्लेटलेट्स दात्यांची नोंदणी आणि भेटीबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

आपल्या बी विंगमधली दहावीची मुलगी रक्ताच्या कर्करोगावरची केमो घेऊन येत्या शनिवारी घरी येते आहे. पुढचे टप्पे बाकी आहेत, त्यांत तिला प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या रक्तातल्या पेशी) लागू शकतात. तिचे केस गळू लागले तेव्हा धाकट्या भावानेही डोकं भादरून घेतलं. आई सलाइनच्या स्टँडशेजारी बसून भूमितीची प्रमेयं वाचून दाखवते. परवा मुलीने फोनवर विचारलं, "काकू, खालची अभ्यासिका रात्री उघडी असते ना?" तिच्यासाठी ठेवूच.

नोंदणी : रविवारी सकाळी १० वाजता, सोसायटी ऑफिस. प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस टिकतात, आधी साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून ऐनवेळी येणारे दाते हवेत. वय १८ पूर्ण, वजन किमान ५० किलो, मागच्या ३ दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. रक्तगट लिहून आणा.

भेट : फोन करूनच जा. सर्दी-ताप असेल तर अजिबात नको. फुलं, बाहेरचं खाणं नेऊ नका.

घरात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी तिच्या बाबांना कळवा, लपवू नका.

आणि तिच्यासमोर रडू नका. अभ्यास कुठवर आला ते विचारा.

– सचिव