पाणीखात्याच्या मॅडमना, आभाराचे उघड पत्र

मा. दुय्यम अभियंता मॅडम, जलकामे विभाग, यांस सादर नमस्कार.

आपली बदली झाल्याचे गेल्या सोमवारी पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याकडून कळले. शाल-श्रीफळ घेऊन निरोपाला येण्याइतकाही अवधी मिळाला नाही, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहे, कारण आपण घालून दिलेली रीत गिरणगावातल्या आमच्या एका चाळीपुरती राहू नये, अशी रहिवासी समितीची इच्छा आहे.

मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या २२७ नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. संध्याकाळी नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन बसायचे, चहा घ्यायचा आणि हळूच नळाचा विषय काढायचा, ही आमच्या पिढीची तक्रार करण्याची पद्धत होती. ती बंद पडल्यावर आम्ही मोबाइलवर ओरडू लागलो. ओरडूच म्हणतो, कारण मजला, वेळ, दिवस यांपैकी काहीही न लिहिता पाठवलेल्या संतापाच्या संदेशाला तक्रार म्हणता येत नाही.

५ जून २०२४ पासून शहरात १० टक्के पाणीकपात सुरू झाली. त्याच आठवड्यात एका रात्री ‘उद्या दिवसभर पाणी बंद’ असा संदेश फिरत आला आणि खरेखोटे न पाहता तो चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मीच, सचिव असूनही, पुढे पाठवला. पहाटे जो तो पिंपे, हंडे, बादल्या भरू लागला, तळमजल्यावर पाणी खेचणाऱ्या दोन मोटारी लागल्या आणि तिसऱ्या मजल्यावर थेंबसुद्धा चढला नाही. भांडण जिन्यात सुरू झाले आणि ग्रुपवर दुपारपर्यंत चालले. त्या दुपारी समितीच्या विनंतीवरून आपण ग्रुपमध्ये आलात, आणि आपला पहिला संदेश होता चाळीस-पन्नास सेकंदांचा, साध्या मराठीत बोललेला. कपात सगळ्यांना सारखी १० टक्के लागत नाही, दाब कमी झाला की वाहिनीच्या शेवटच्या टोकाला आणि वरच्या मजल्याला तिचा फटका अधिक बसतो, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम कोणी समजावून सांगितले. आपण कोणाला दोष दिला नाही. मलाही नाही, याची मला अजून लाज वाटते.

मग आपण आम्हाला कामाला लावलेत. आठ दिवस प्रत्येक मजल्यावरून पाणी किती वाजता आले, किती वाजता गेले आणि किती हंडे भरले, एवढेच लिहून पाठवायचे. सुरुवातीला आम्ही हसलो. परंतु आठव्या दिवशी वही पाहताना दिसले की शेजारच्या चाळीत पाणी आल्यावर आमच्याकडे ते रोज वीस-पंचवीस मिनिटे उशिरा पोहोचत होते. आपण चावीवाल्याला घेऊन स्वतः नाक्यावर आलात. रस्त्यातले लोखंडी झाकण उचलून त्याने ती लांब, टी आकाराची चावी खाली घातली आणि फेरे मोजू लागला. मधल्या खोदकामानंतर व्हॉल्व्ह पुरता उघडलाच गेला नव्हता. त्या वेळी आपण काढलेले छायाचित्र ‘आज सकाळी दुरुस्त केले’ एवढ्याच ओळीसह ग्रुपवर टाकलेत. लोकांचा विश्वास त्या छायाचित्राने बसला, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट शिस्तीची. ग्रुपवर लिहिले म्हणजे नोंद झाली, या भ्रमात आपण आम्हाला राहू दिले नाही. आधी महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा, मिळालेला क्रमांक इथे टाका, मग मी पाहते, असे आपण किती वेळा लिहिलेत याची मोजदाद नाही. कुरकूर झाली, माझ्यासकट. पण ग्रुपमधला संदेश दोन दिवसांत शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडला जातो आणि क्रमांक मागे उरतो, हे पुढे अनुभवाने पटले. गटाराच्या तक्रारीला ‘हे माझ्याकडे नाही, मलनिःसारण खात्याकडे आहे’ असे सांगून कोणाकडे जायचे तेही आपण लिहीत असा.

आपला नकारही आम्हाला उपयोगी पडला. पहाटेची पाण्याची वेळ सातची करावी, असा आमचा अर्ज होता. ती वेळ पुढे नेली तर आमच्यामागच्या वस्तीला पाणी कधी सोडायचे, असे विचारून आपण वाहिनीचा नकाशा हाताने काढून पाठवलात, आणि अर्ज आम्हीच मागे घेतला. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावांचे आकडेही आपण असेच उलगडत होता. सातही तलावांची मिळून साठवणक्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर; त्या जूनमध्ये साठा पाच-सहा टक्क्यांवर आला म्हणजे नेमके काय, हे वर्तमानपत्रात वाचून आम्हाला उमगले नव्हते.

एक कौतुक आमच्या आयाबायांकडून. स्मार्टफोन नसलेल्यांनी काय करायचे, हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता. तो आपण विचारलात. तेव्हापासून पाण्याविषयीचा प्रत्येक संदेश जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहिला जातो. २९ जुलैला कपात मागे घेतल्याची बातमी पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तिथेच वाचली आणि मोठ्याने सगळ्या मजल्यांना सांगितली.

जाताना आपण ग्रुपमध्ये स्वतःच्या क्रमांकाऐवजी कार्यालयाचा क्रमांक ठेवून गेलात, हे आमच्या उशिरा लक्षात आले. नव्या साहेबांना आठ दिवसांच्या वहीची छायाप्रत दिली आहे. मूळ वही समितीच्या कपाटात आहे. आपली सही पहिल्या पानावर हवी होती, ती राहिली. सवडीने एकदा चाळीत यावे.

आपला नम्र,
सचिव, चाळ रहिवासी समिती