सूचना: धर्मगुरूंविषयीच्या निवेदनावर रविवारपर्यंत मत कळवा

सर्व सभासदांना नमस्कार.

बालअत्याचाराचा संशय आल्यास धर्मगुरूंनी तो थेट पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवणं कायद्यानं बंधनकारक असावं, या आपल्या निवेदनाचा मसुदा गटावर टाकला आहे.

कन्फेशनला (धर्मगुरूंपुढे गुप्तपणे दिलेल्या पापांच्या कबुलीला) यातून सूट असावी का, यावर बरेच जण अडखळले आहेत. प्रश्न श्रद्धेचा आहे, मान्य. पण संस्थांमधल्या बालअत्याचाराची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने (सरकारी चौकशी आयोगाने) २०१७ च्या अंतिम अहवालात ही सूट नको, असंच सांगितलं. व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये तसा कायदाही केला. न कळवल्यास ३ वर्षांपर्यंत कैद. पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या नियमांनी कळवण्याची सक्ती केली खरी, पण चर्चमधल्याच वरिष्ठांकडे. कितीतरी प्रकरणं तिथेच तर दाबली गेली! म्हणून माझं मत सूट नको असं आहे.

आणि हे आजपासूनच पाळा: मूल काही सांगू लागलं तर उलटतपासणी करू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, त्याच दिवशी कळवा. पुरावे शोधणं आपलं काम नाही.

मुलाचं नाव गटावर कधीही लिहू नका.