फरक भागिले अंतर

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागून म्हणालीस, "बाबा, प्रवणता म्हणजे नुसता भागाकार. फरक भागिले अंतर. त्याचं एवढं काय?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

प्रवणता म्हणजे उतार, आणि तो भागाकारच आहे, कबूल. पण छेदाकडे बघ. चेतापेशीच्या आतबाहेर विजेच्या दाबाचा फरक जेमतेम 70 मिलिव्होल्ट, म्हणजे घड्याळातल्या सेलच्या विसाव्या हिश्शाइतका. किरकोळच! मात्र पेशीचं पटल असतं सुमारे 5 नॅनोमीटर जाड. दे भाग: मीटरला 1.4 कोटी व्होल्ट. हवेत 30 लाखांच्या आसपासच ठिणगी पडते. चौपटीहून जास्त ताण अंगात घेऊन आपण खुशाल झोपतो.

उलट समुद्र घे. त्यात उष्णता अफाट. पण जवळ त्याहून थंड काहीच नसेल, तर तिच्यावर साधं इंजिन चालणार नाही. कार्नो या फ्रेंच अभियंत्यानं 1824 मध्येच हे मांडलं होतं. साठा असून भागत नाही, उतार लागतो.

माझा लाडका मात्र ई. कोलाय, आपल्या आतड्यातला जीवाणू. जेमतेम 2 मायक्रोमीटरचा जीव. तोंडाशी साखर जास्त की शेपटाशी, हे एवढ्याशा अंगाला उमगत नाही. मग तो पोहत राहतो आणि आत्ताची चव क्षणापूर्वीच्या चवीशी ताडतो. वाढली, तर सरळ पुढे. घटली, तर लगेच कोलांटी, आणि मग तोंड वळेल तिकडे. अंतरातला फरक कळत नाही म्हणून गडी काळातला फरक मोजतो! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी तुझ्या आईला उठवून सांगितलं होतं. तिनं कूस बदलली.

उतार असला की सगळं आपोआप पोचतं, असंही नाही हं. विसरणाचा, म्हणजे रेणू आपसूक पसरत जाण्याचा, नियम फिक या शास्त्रज्ञानं 1855 मध्ये मांडला. त्यातून निघतं की अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो. स्थिर पाण्यात प्राणवायूचा रेणू 1 मायक्रोमीटर साधारण पाव मिलिसेकंदात सरकतो. 1 सेंटीमीटरला? माझं उत्तर सात तासांच्या आसपास येतंय. म्हणून तर हृदय धडधडत रक्त ढकलत बसतं.

गणित एकदा तपासून कळव. शून्यांत माझी हमखास गफलत होते.

तुझा,
बाबा