पुनरुत्थानाच्या श्रद्धेचे मूळ केवळ भासात नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेखात, येशूचे पुनरुत्थान म्हणजे शोकाने व्याकूळ झालेल्या शिष्यांना झालेला भास, एवढे सांगून विषय संपवला आहे. गेलेले माणूस दिसल्याचा किंवा त्याची चाहूल लागल्याचा अनुभव अनेक शोकग्रस्तांना येतो, हे मलाही मान्य आहे. परंतु अशा वेळी घरात ‘ते अजून आपल्याजवळच आहेत’ असे म्हटले जाते, ‘ते मेलेल्यांतून उठले’ असे सहसा कोणी म्हणत नाही. शिष्यांनी तसे म्हटले, कारण ती कल्पना त्यांच्या समाजात आधीच रुजलेली होती. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात सिरियाचा ग्रीक राजा चौथा अंतियुखस याने केलेल्या छळात धर्मनिष्ठ यहुदी मारले गेले. त्यांना देव न्याय कधी देणार, या प्रश्नाला मृतांच्या उठण्याची आशा हे उत्तर होते, आणि यहुदी धर्मशास्त्रातील दानीएलाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात ते स्पष्ट वाचायला मिळते. गुलामांना व बंडखोरांना देतात ती वधस्तंभाची शिक्षा इ.स. 30 च्या सुमारास आपल्या गुरूला झालेली पाहणाऱ्यांच्या दुःखाला आणि अपमानाला याच आशेने शब्द दिले.

ही श्रद्धा येशूच्या गालील प्रांताबाहेर कशी टिकली, याबद्दल तर लेखात अक्षरही नाही. ती टिकली ती श्रद्धावंतांच्या एकत्र जगण्यातून. आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने ग्रीसमधील करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पत्रात सामुदायिक जेवणाचा प्रसंग आहे: काही जण आपले जेवण आधीच उरकतात, कोणी उपाशी राहतो, तर कोणी झिंगलेला असतो. ‘गरिबांना का लाजवता?’ असे पौल संतापून विचारतो आणि जेवताना एकमेकांसाठी थांबायला सांगतो. मालक आणि गुलाम यांनी एका पंगतीला बसायचे, ही अपेक्षा त्या रोमन शहरात किती विलक्षण होती, हे त्या भांडणावरूनच कळते.

सुमारे 112 मध्ये बिथिनिया या (आजच्या तुर्कस्तानातील) रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानला ख्रिस्ती लोकांविषयी पाठवलेले पत्रही उपलब्ध आहे. ज्यांना मंडळीतले लोक ‘सेविका’ म्हणत, अशा दोन गुलाम स्त्रियांचा त्याने माहितीसाठी छळ केला. बाजारात विकल्या जाणाऱ्या बाईला त्या मंडळीत पद होते. अतिरेकी अंधश्रद्धेपलीकडे आपल्याला काही सापडले नाही, असे तो कळवतो. त्या दोघींची नावे मात्र त्याने लिहिलेली नाहीत.

आपला,
एक वाचक, वसई