काळी दोन

दादर, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

तीन वर्षांनी माझं पत्र आलं म्हणजे कोण गेलं, हेच तुझ्या मनात पहिलं येणार. कोणी गेलेलं नाही. तुझे दोन फोन मी घेतले नाहीत, त्यातला एक तर हातात धरून पुरता वाजू दिला. त्याबद्दल काय शिव्या द्यायच्या त्या नोव्हेंबरात आलास की समोर बसून दे. तब्येत ठीक. साखरेची गोळी आहे, बीपीची गोळी आहे, गुडघ्याला गोळी नाही म्हणून तो तसाच. ही मजेत. झालं.

मी आपल्या पियानोच्या सरांकडे जाऊन आलो.

मडगावला हिच्या भाचीचं लग्न होतं. जेवणं आटोपल्यावर सगळी वरात कोलव्याला गेली आणि मी रिक्षा करून सरांकडे. धाकटीनं दार उघडलं. मला ओळखलं, पण पहिला प्रश्न "बंडू कुठंय?" म्हणजे त्या घरात तुझा भाव अजून चढाच आहे. मग पायरीवरच थांबवून हळूच म्हणाली, "डॅडी आता माणसं ओळखत नाहीत, मनाला लावून घेऊ नकोस."

सर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत. बंडी, अर्धी चड्डी, पाय स्टुलावर. शर्टाला इस्त्री नाही म्हणून धोबीतलावच्या त्या जिन्यावरून आपल्याला परत पाठवणारे हे सर. मी नाव सांगितलं. "हो, हो," म्हणाले, आपण बँकेतून आलेल्या फोनला म्हणतो तसं. तुझं नाव सांगितलं, तरी तेच. रंगभवन म्हटलं, १९७८ म्हटलं, सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स म्हटलं. आठवतं ना, जॅझ यात्रेची ती गोष्ट आपल्याला किती वेळा ऐकवली होती? "तो रंगभवनात वाजवत होता आणि मी खाली बसून हिशेब करत होतो, की हाच पोरगा १९४९ साली, अठराव्या वर्षी, बड पॉवेलच्या पियानोशेजारी उभा राहून ब्लू नोट कंपनीसाठी वाजवत होता." ते सांगताना स्वतःच रोलिन्सला घेऊन आल्यासारखे सांगायचे. आता त्यातलं काही नाही. अंगणातल्या कोंबडीकडे बघत बसले.

पियानोवर धुतलेल्या चादरींच्या घड्या होत्या. दोन वर्षांत झाकण उघडलेलं नाही, असं धाकटी म्हणाली.

मग मला काय सुचलं कोण जाणे, मी बडची एक चीज गुणगुणायला लागलो. 'आय'ल कीप लव्हिंग यू'. मी कसा गातो ते तुला सांगायला नको. दुसऱ्या ओळीला सरांनी तोंड वाकडं केलं. बंड्या, तेच तोंड! मला नाही ओळखलं, माझा बेसूर ओळखला. "आयक," म्हणाले आणि उठले. धाकटी चादरी उचलायला धावली.

डावा हात तसाच. करंगळी आणि अंगठा, मध्ये काही नाही, दोनच सूर आणि तेही लागले तेव्हाच. "डावा हात निरोप देतो, भाषण करत नाही," म्हणून तुझ्या मनगटावर पट्टी मारायचे, तो डावा हात. उजवा मात्र गेलाय. कापतो असं नाही, पण पुढचं घर कुठलं हे विसरतो. दारात उभा राहतो आणि मग भलत्याच घरात शिरतो. एका ठिकाणी तर मधल्या भागातून परत पहिल्याच ओळीवर आले, तीनदा. आणि मधल्या सप्तकातली काळी दोन मेलेली आहे. गोव्याची दमट हवा, पट्टी खाली जाते, आवाज नाही, वर यायलाही सवड घेते. दुसरा कोणी तिला वळसा घालून गेला असता. सर प्रत्येक वेळी तीच पट्टी दाबत होते आणि तेवढा सूर तोंडानं म्हणत होते. आधी मला वाटलं, कण्हतायत. तिसऱ्या खेपेला कळलं की बरोबर त्याच पट्टीला आवाज येतोय.

आता हस. तुला ती पहिली कॅसेट आठवली असणार. 'टेम्पस फ्युजिट' लागलं आणि दहाव्या सेकंदाला तू म्हणालास, "यात कोणीतरी आजारी माणूस आहे." दुसऱ्या दिवशी तू ती कॉपी करणाऱ्याकडे परत नेलीस आणि वीस रुपये मागितलेस! टेपमध्ये माणूस कण्हतो अशी तक्रार त्या बापड्याकडे त्याच्या धंद्यात पहिल्यांदाच आली असेल. सरांना सांगितलं तर ते डोळे पुसेपर्यंत हसले. "बाबा, तो बड आहे. बोटं जे वाजवतात ते तो गातोय. बोटं पुढे गेली तर त्याला ओरडून धरावं लागतं."

हे सगळं मी फोनवर रेकॉर्ड केलं. शर्टाच्या खिशात फोन, चार मिनिटं चाळीस सेकंद. सरांना माहीत नाही, धाकटीलाही नाही. यावरून दोन महिने मला धड झोप नाही आणि यावरूनच तुझे फोन घेतले नाहीत, कारण घेतला असता तर सांगून बसलो असतो. (पहिल्या फोनला हे कारण लागू नाही, तेव्हा मी नुसताच आळशी होतो.)

अडचण अशी. मार्चमध्ये सर नव्वदीत जातात. आपल्या जुन्या पोरांचा ग्रुप तू सोडलास, शहाणा आहेस, पण मी आहे. तिथे ठरलंय की सरांचं 'काहीतरी' ऐकवायचं, हॉल घ्यायचा, नंतर सगळीकडे टाकायचं. आणि सरांचं काहीही नाही. सकाळी सिनेमाचं रेकॉर्डिंग, रात्री हॉटेलचा बँड, अशी तीस वर्षं काढली. किती गाण्यांत मागे त्यांचा पियानो असेल, पण गोव्याच्या त्या पिढीतल्या बहुतेकांचं झालं तेच, कुठल्याच तबकडीवर नाव नाही. आपण टेपरेकॉर्डर घेऊन गेलो होतो त्या दिवशी त्यांनी स्वतः बटण बंद केलं. "हात गरम झाले की लाव." चाळीस वर्षांत त्यांच्या मते हात गरम झाले नाहीत. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या नावावर जगात जे एकमेव वाजवणं आहे ते माझ्या खिशात आहे. त्यात ते तीनदा वाट चुकतात, पंखा किरकिरतो, कुकरची शिट्टी होते आणि मध्येच थांबून "हा कोण बसलाय?" असं विचारतात. हा म्हणजे मी.

आणि अशा वाजवण्याचं काय करावं यावर भाषणं कोण ठोकायचं? मीच. इराण्याकडे बसून बडच्या वाजवण्यावर त्रेपन्नची रेघ कोणी आखली होती? मीच. १९४७ची रूस्ट कंपनीची ट्रायो, १९४९, १९५१, फार तर १९५३चं 'ग्लास एन्क्लोजर', त्यापुढचं सगळं जाळा, असं मी म्हणायचो. तू त्याच्या नंतरच्या, पॅरिसमधल्या वाजवण्याची बाजू धरायचास आणि मी तुला भावनिक, पाझर फुटलेला वगैरे म्हणायचो. एकदा तू बनमस्का अर्धा टाकून उठून गेलास. बिल मी भरलं, हे तू आजही मान्य करत नाहीस.

माझा युक्तिवाद होता की त्या माणसाचा असा देखावा करू नये. वीस वर्षांचा असताना फिलाडेल्फियात पोलिसांनी डोकं फोडलं. १९४७च्या नोव्हेंबरात इस्पितळात घातलं, पुढे क्रीडमोरच्या मनोरुग्णालयात, मेंदूला विजेचे झटके. त्यातून उठून तो 'अन पोको लोको' वाजवतो. १ मे १९५१. त्याचे तिन्ही टेक सरांनी आपल्याला एका दुपारी ओळीनं ऐकवले होते. तू ड्रमवाल्या मॅक्स रोचच्या काउबेलला 'गाईची घंटा' म्हणून बाहेर काढला गेलास, त्यामुळे तिसरा टेक तू जिन्यात ऐकलास. पहिल्या टेकला वाट शोधतोय, तिसऱ्याला वाट त्याला शोधत येतेय. हे ज्याच्या बोटांत होतं त्याची नंतरची अडखळणारी बोटं कोणाला कशाला ऐकवायची? धाकटा भाऊ रिची, तोही पियानोवालाच, १९५६मध्ये ट्रम्पेटवाल्या क्लिफर्ड ब्राउनबरोबर मोटार अपघातात गेला. १९५९मध्ये बड पॅरिसला. तिथे दारू, क्षय. पोद्रा नावाचा चाहता त्याला घरी नेतो, खाऊपिऊ घालतो आणि टेप चालू ठेवतो. त्या टेपांच्या पुढे तबकड्या निघाल्या. तेव्हा मी पोद्राला काय काय म्हणालो होतो! मैत्री करायची तर कर, टेप कशाला? आज पोद्रा मी आहे. खिशातला.

गेले दोन महिने रात्री एकच उद्योग, तू म्हणायचास ते सगळं ऐकतोय. तुझं सगळं बरोबर होतं असं अजिबात नाही. पॅरिसचं काही वाजवणं खरंच ढिसाळ आहे, बास आणि ड्रम त्याला दोन्ही बाजूंनी धरून चालवतायत असं वाटतं. पण १९६१चं थेलोनियस मंक या पियानोवाल्याच्या चिजांचं रेकॉर्डिंग, बासवर मिशलो आणि ड्रमवर केनी क्लार्क, ते मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. 'रूबी, माय डिअर' लाव. वेग गेलाय. वेग गेल्यावर खाली जे उरतं ते मंककडून हार्लेमच्या मिंटन्स क्लबात शिकलेलं, विशीच्या आतलं. आता तिथेही सूर चुकतात, पण एक ठाम, जड बोट खाली येतं आणि दुसरं येईपर्यंत तू श्वास घेत नाहीस. हे मला पंचविसाव्या वर्षी ऐकू येणं शक्य नव्हतं, एवढंच कबूल करतो. बनमस्क्याचे पैसे मात्र तू देणं लागतोस.

आणि ज्या १९५३ला मी पवित्र मानत होतो ते तरी काय? टोरांटोचा मॅसी हॉल. १५ मेची ती रात्र, पार्कर, डिझी, बड, मिंगस, रोच. त्याच रात्री मार्सियानो-वॉलकॉटची मुष्टियुद्धाची लढत, म्हणून हॉल भरला नाही. पार्करच्या हातात प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन, रेकॉर्डवर त्याचं नाव बदलून 'चार्ली चॅन'. आणि बास नीट ऐकू येत नाही म्हणून मिंगसनं नंतर स्टुडिओत बसून स्वतःचा बास वरून पुन्हा भरला! म्हणजे ज्याला मी 'साक्ष' म्हणायचो ती साक्ष शिकवून आणलेली होती. बाय द वे, तू तीस वर्षं मिसिसागाला राहतोस, मॅसी हॉल तुझ्यापासून गाडीनं कितीसा लांब, आणि एकदाही आत गेला नाहीस. बेसमेंट भाड्यानं द्यायला वेळ आहे.

धाकटीला विचारावं, असं ही म्हणते. सरळ माणसं सरळच सुचवतात. धाकटी 'टाका' म्हणेल, रडेल आणि टाका म्हणेल, वडलांचं काहीतरी लोकांनी ऐकावं असं तिला वाटणारच. मग हॉलमध्ये दोनशे माणसं, 'सो क्यूट' म्हणणारी नातवंडं आणि सर तीनदा पहिल्या ओळीवर परत येतायत. दुसरीकडे, पुसून टाकायला बोट नेलं की ती काळी दोन येते. तो सूर पियानोत नाही आणि बडच्या रेकॉर्डमध्येही तसा नाही. तो फक्त त्या खोलीत होता.

सर वाजवून झाल्यावर काय म्हणाले ते सांगितलंच नाही. झाकण लावलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी जुन्या आवाजात, हॉटेलच्या स्टेजवरून म्हणावं तसं, "सॉरी, जेंटलमन." एकटाच होतो मी. 'जेंटलमन' एकवचनी म्हणाले की अनेकवचनी ते रेकॉर्डिंग पन्नास वेळा ऐकूनही मला कळलेलं नाही. अनेकवचनी असेल तर दुसरा तू.

तुला मी ते पाठवत नाहीये. पाठवलं की गेलं, तू कितीही चांगला असलास तरी तुझा जावई तंत्रज्ञ आहे. नोव्हेंबरात ये, इथे हेडफोनवर ऐक, मग ठरवू. तोवर ग्रुपवर 'शोधतोय' एवढंच लिहून ठेवलंय.

लेकीच्या बाळाचे फोटो हिनं दाखवले, कान तुझे आहेत, बिचारं. वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? बर्फात चालू नकोस.

तुझा,
त्रेपन्नवाला

ता.क. सरांकडून आल्यावर माळा काढला आणि ती कॅसेट सापडली. 'पॅरिसियन थरोफेअर' अर्ध्यावर तुटतं आणि तुझ्या ताईनं भरलेली 'सुखकर्ता दुःखहर्ता' सुरू होते. त्यावरून आपण पंधरा दिवस बोलत नव्हतो. इतक्या वर्षांत आरतीचा भाग मी कधी पुढे ऐकलाच नव्हता, तिथे आल्यावर शिव्या देऊन बंदच करायचो. परवा ऐकला. मागे तुझे काका टाळ वाजवतायत, सम सोडून, आणि मध्येच खोकून "बंडू, पंखा बंद कर, निरांजन विझेल" म्हणतायत. त्या कॅसेटची कॉपी करून सोबत पाठवतोय.